उलटी मूठ

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुतणीच्या हातात पहिल्यांदा बॅट दिली. तिने ती धरली बरोब्बर उलटी. उजवा हात वर, डावा खाली. मी काही न बोलता तिचे हात काढले आणि अदलाबदल करून दिले. "काका, असं अवघड वाटतंय." म्हटलं, होईल सवय. लहानपणी माझ्या वडिलांनीही हेच केलं असणार, त्यांच्याही वडिलांनी केलं असेल.

दुपारी जेवताना पापवा आठवला, उलट्या मुठीने खेळणारा एक गोल्फपटू.

त्याचं खरं नाव इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर 'स्यूसंकर स्यूगोलम' असं काहीतरी होतं. कुठल्या मुलखातला माणूस, पत्ता लागत नाही. आता सावकाश, मोठ्याने म्हणून बघा. शिवशंकर शिवगुलाम! १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, माणसं जहाजात घालून दक्षिण आफ्रिकेत नेटालच्या उसाच्या मळ्यांवर नेली. कागद लिहिणाऱ्या कारकुनांच्या कानाला जसं ऐकू आलं तशी त्यांची नावं झाली. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान रामगुलाम याच वाटेने 'रामगूलम' झाले. पापवा अशाच एका घरातला, डर्बनचा. त्याला शाळेचा स्पर्श नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं. पोरवयात गोऱ्यांच्या गोल्फ कोर्सवर बॅगा उचलायला लागला. म्हणजे कॅडी.

गोल्फ त्याला कुणी शिकवला नाही. झाडाची फांदी तासून तिच्यावरच त्याने हात बसवला, आणि तो हात बसला तो उलटा. डावा खाली, उजवा वर. घरात केरसुणीचा दांडा असेल तर तसा धरून एकदा फिरवून बघा. मी बघितलं. हात एकमेकांच्या वाटेत येतात, मनगटं आडवी जातात आणि जोर नेमका जिथे लागायला हवा तिथेच गळून जातो. (बायकोने दारातून पाहिलं आणि काही विचारलं नाही. सवय झाली आहे तिला.) या मुठीने चेंडू अडीचशे यार्ड सरळ जाऊच शकत नाही, असं कोणताही शिक्षक सांगेल. पापवाला सांगणारा कुणी नव्हता, म्हणून तो मारत राहिला.

ज्यांची बॅग तो उचलायचा त्यांत ग्रॅहम वुल्फ नावाचे एक केमिस्ट होते. आरशासमोर असतं ते 'ओले' क्रीम, ते याच गृहस्थांचं. वुल्फ यांनी ही उलटी मूठ पाहिली आणि १९५९ मध्ये पापवाला युरोपात नेलं. त्या वर्षीची ब्रिटिश ओपन, गोल्फमधल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, स्कॉटलंडमध्ये म्युरफील्डला होती. तिथे पापवाचा निभाव लागला नाही आणि ती स्पर्धा जिंकली त्याच्याच देशाच्या गॅरी प्लेअरने. पण त्याच दौऱ्यात पापवाने डच ओपन जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. गोल्फमध्ये अंपायर तुमच्या मागे फटके मोजत फिरत नाही. प्रत्येक होलला, म्हणजे चेंडू खळग्यात जाईपर्यंत, किती फटके लागले ते सोबतचा खेळाडू कार्डावर लिहितो, शेवटी आकडे ताडून खाली सही आपण करायची; फटके सगळ्यांत कमी तो जिंकला. एका होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली, तर जिंकलेला माणूससुद्धा बाद. अक्षरओळख नसलेला माणूस परक्या देशात, परक्या भाषेत छापलेल्या कार्डावर सही करतो आहे. चेंडूपेक्षा मला ही पेन्सिल जास्त जड वाटते.

आता त्या फोटोविषयी. तो तुम्ही पाहिला असेल, दर काही महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड करतंच. १९६३, नेटाल ओपन, डर्बन कंट्री क्लब. पापवा जिंकलाय. बक्षीस समारंभ आहे आणि पाऊस पडतोय. हरलेले गोरे खेळाडू क्लबहाउसमध्ये कोरडे, आणि विजेता बाहेर पावसात उभा राहून ट्रॉफी घेतोय. भारतीय वंशाच्या माणसाला पाहुणा म्हणून त्या दारातून आत जायची मुभा नव्हती. कुठल्या वंशाने कुठे वावरायचं हे ठरवणारा 'ग्रुप एरियाज' कायदा होता, आणि स्पर्धेत नुसतं खेळायचं तरी सरकारी परवाना लागायचा. ट्रॉफी खिडकीतून दिली असंही कुठे कुठे छापलेलं सापडतं, पण फोटोत तो सरळ पावसातच आहे. खिडकीची कथा रचायची गरज का पडावी, मला समजत नाही. पाऊस पुरेसा नाही का?

तो फोटो जगभर छापला गेला. दक्षिण आफ्रिकेला खेळांतून बाहेर काढा म्हणणाऱ्यांच्या हाती त्याने मोठं हत्यार दिलं. फोटोचं मोल मी कमी करत नाही. पण मला राग येतो तो आपला. त्या फोटोखालच्या कमेंट वाचा. गोऱ्यांच्या नावाने शिव्या, हात जोडलेले इमोजी, आणि लिहिणारे आपण कोण? ज्यांच्या सोसायटीत घरकामाच्या बाईला आणि डिलिव्हरीच्या पोराला 'सर्व्हिस लिफ्ट वापरा' अशी पाटी आहे ते. आपल्याला पापवाचं भिजणं पाठ आहे. त्या स्पर्धेत तो खेळला कसा, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. माणूस जिंकला म्हणून तिथे उभा होता हो. हरला असता तर फोटोच नव्हता.

आणि ते एकदाचं घडलेलं नवलही नव्हतं. त्याच वर्षीच्या साउथ आफ्रिकन ओपनमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला. १९६५ मध्ये नेटाल ओपन त्याने पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेअरला मागे टाकून. ते प्लेअरच्या भराचं वर्ष होतं. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून त्याने चारही मोठ्या स्पर्धांचा संच पुरा केला. तोवर जगात फक्त दोघांना ते जमलं होतं, आणि ते दोघेही अमेरिकन. अशा माणसाला एका कॅडीने उलट्या मुठीने हरवलं.

१९६६ मध्ये सरकारने पापवाला देशातल्या स्पर्धांची दारं बंद केली. प्रेक्षक म्हणूनही आत यायचं नाही. पासपोर्टही गेला, म्हणजे हॉलंडही गेलं. त्याच वर्षी गॅरी प्लेअरने आपल्या पुस्तकात वर्णभेदाच्या धोरणाची बाजू घेतली. पुढे त्याने ते मत जाहीरपणे सोडलं, ते बरंच झालं. पण गोल्फपटूच्या हातात चांगली वर्षं असतात ती मोजकी, आणि पापवाची नेमकी तीच कुलूपबंद झाली. १९७८ मध्ये तो हृदयविकाराने गेला. गरिबीत. पन्नाशीही गाठली नव्हती.

आपल्याकडे कॅडीतून वर आलेला माणूस म्हणजे अली शेर. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि १९९३ मध्ये त्याने ती परत जिंकली. त्या वेळी मी शाळेत होतो, आणि शाळेत त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. आम्हाला सचिन होता. गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांचं फिरणं, अशी आमची समजूत. बॅग उचलून मागून चालणारा पोरगा रोज अठरा होल नुसता बघतो आणि कुठल्या वाऱ्यात चेंडू किती वळतो ते साहेबांच्या आधी त्याला कळतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता गंमत. आज टीव्हीवर गोल्फ लावलंत तर पटिंगच्या वेळी, म्हणजे चेंडू अलगद ढकलताना, कितीतरी बडे खेळाडू डावा हात खाली घेतात. जॉर्डन स्पीथ बघा. त्या मुठीला 'लेफ्ट हँड लो' असं झोकदार नाव आहे. पापवा सगळे फटके तसेच मारायचा, अगदी पहिल्या लांब फटक्यापासून.

डर्बनमध्ये आता त्याच्या नावाचा गोल्फ कोर्स आहे. नाव अर्थातच कारकुनाच्या स्पेलिंगमधलं.

पुतणी संध्याकाळी परत आली, बॅट घेऊन. मूठ पुन्हा उलटी होती. दोन चेंडू मी गप्पच टाकले. तिसरा तिने शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मारला.