नव्या पत्र्याखाली तसाच ठेवलेला गंज

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची सिल, म्हणजे दाराखालून लांबीने जाणारा पत्र्याचा भाग, नवी बसवून दिल्याचे पूर्ण पैसे गॅरेजने घेतले, रंगही चकचकीत काढून दिला, आणि पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या सीटपुढे पाणी साचले. गालिचा उचलल्यावर जे दिसले त्याने माझा संताप अजून उतरलेला नाही. सिल आणि फ्लोअर यांच्या सांध्यात सीलंटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लुकणाचा, पत्ताच नव्हता. सडलेला जुना पत्रा कापून काढण्याची तसदी न घेता नवा पत्रा थेट त्याच्यावर चढवला होता, जोडण्यासाठी कडेने गॅसच्या ज्योतीने पितळ वितळवून ओढले होते, आणि ते झाकायला वरून पुट्टीचा जाड थर थापला होता. गंज आत जसाच्या तसा ठेवून त्याच्यावर झाकण बसवण्याचे पैसे मी मोजले.

ही निव्वळ दिसण्याची बाब असती तर मी एवढा चिडलो नसतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली ही गाडी मूळ फिएट ११०० च्या आराखड्यावरची आहे आणि तिला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. सिल, फ्लोअर, खांब आणि छत यांचा एकत्र जोडलेला सांगाडा हाच तिचा कणा. सिल म्हणजे पेटीसारखा बंद पोकळ भाग असतो आणि पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भार बऱ्याच अंशी तोच पेलतो. म्हणूनच ती कापण्यापूर्वी गाडी खालून सपाट आधारावर घ्यायची असते, दारे जागच्या जागी ठेवून त्यांच्या फटी मोजायच्या असतात आणि दाराच्या चौकटीत आडवी पट्टी तात्पुरती जोडून सांगाडा रोखून धरायचा असतो. यांपैकी काहीही न करता, एका जॅकवर गाडी तिरपी उचलून काम उरकले, हे आता मागचे दार खालच्या कोपऱ्यात घासू लागले आहे त्यावरूनच कळते.

वेल्डिंगबद्दल तर बोलावे तेवढे थोडे आहे. या गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. त्याच्यावर गॅसची ज्योत फिरवत राहिले की उष्णता वीतभर पसरते, पत्रा वाकतो, लाटा उठतात आणि मग त्या लाटा भरायला पुन्हा पुट्टी लागते. मिग यंत्राने, म्हणजे विजेच्या ठिणगीने तार वितळवणाऱ्या वेल्डिंग यंत्राने, बारीक तार वापरून एक टाका इथे, दुसरा पार दुसऱ्या टोकाला, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, असे संयमाने करावे लागते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणारे टाके, होते तिथे नव्या पत्र्याला छिद्रे पाडून ती वेल्डने भरून घ्यावी लागतात, आणि एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावावा लागतो, कारण पत्रे एकदा जोडले की मधल्या फटीत ब्रश जाणार नाही, पाणी मात्र जाईल. मी हे सर्व काम देतानाच स्पष्ट सांगितले होते. मान डोलावून होकार मिळाला होता.

सीलिंग हे तर आपल्याकडे काम म्हणून मोजलेच जात नाही. वेल्ड कितीही चांगला असला तरी टाक्यांच्या मधून पाणी शिरते आणि एकावर एक आलेल्या पत्र्यांच्या फटीत आपोआप ओढले जाते. म्हणून सांधा साफ करून, प्रायमर मारून, त्याच्यावर पॉलियुरेथेनचा सीम सीलर दाबून बसवायचा आणि मगच रंग द्यायचा, हा साधा क्रम आहे. त्याऐवजी बाथरूममध्ये वापरतात तो आंबट वासाचा सिलिकॉन उघड्या लोखंडावर फासणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि ज्या पत्र्याचे रक्षण करायचे त्यालाच गंज चढवतो. शेवटी सिलच्या पोकळीत मेण फवारायचे आणि तळाची निचऱ्याची भोके मोकळी ठेवायची. माझ्या गाडीची ती भोके पुट्टीने बुजवली आहेत! ज्या शहरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा पत्र्याला चाटत असते, त्या शहरात पाणी बाहेर पडण्याची वाट बंद करणाऱ्याला कारागीर कसे म्हणायचे?

जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, आतलं कोण बघतंय? टॅक्सीवाल्यांना आम्ही वर्षानुवर्षं असंच करून दिलंय." टॅक्सीवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी धंद्यावर निघायचे असे, त्याची गाडी वीस वर्षांनी नियमानुसार बाद होणारच होती, आणि त्याच्या खिशाला परवडेल तेवढेच तो करून घेत असे; त्याची ती अडचण होती, तिला कामाची पद्धत म्हणून माझ्या गळ्यात मारायचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या तेव्हा सगळी मुंबई हळहळली. त्या हळहळीतला थोडासा अंश उरलेल्या गाड्यांचे सांधे नीट जोडण्यात उतरला असता, तर किती बरे झाले असते.

आता हे सर्व पुन्हा उखडायचे आहे, आणि खरा घाव तिथेच आहे. पितळ लागलेल्या लोखंडावर मिगचा वेल्ड धरत नाही. पितळ त्यात मिसळते आणि सांध्याला तडे जातात. म्हणजे पितळ पोहोचले आहे तिथपर्यंतचा फ्लोअरचा धडधाकट मूळ पत्राही कापून टाकावा लागणार आणि तेवढा तुकडा हाताने घडवून घ्यावा लागणार. नवी सिल तर वायाच गेली. तशी दुसरी मिळवण्यासाठी ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्यापर्यंतची जुन्या सुट्या भागांची दुकाने पुन्हा पालथी घालायची आहेत, आणि या गाडीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ उलटला आहे.