गाडलेलं विमान आणि बर्फाचं वय

व्हॉट्सॅपवर एक जुनाच मेसेज पुन्हा फिरतोय. दावा थोडक्यात असा: जुलै 1942 मध्ये अमेरिकी विमानांचा एक ताफा ग्रीनलंडच्या बर्फावर उतरला. 50 वर्षांनी त्यातलं एक पी-38 विमान सापडलं ते 80 मीटर खोल. म्हणजे वर्षाला दीड मीटरहून जास्त बर्फ. या हिशेबाने तीन किलोमीटरचा थर दोन हजार वर्षांतच साचतो. मग लाख वर्षांपूर्वीच्या हवामानाच्या गोष्टी म्हणजे थापा.

विमानाची गोष्ट खरी आहे. 1992 मध्ये ते बाहेर काढलं आणि दुरुस्त करून 2002 मध्ये उडवलंही. घोळ आहे तो त्रैराशिकात.

पहिलं म्हणजे हा दर कुठला? ताफा उतरला आग्नेय ग्रीनलंडच्या किनाऱ्याकडच्या पट्ट्यात. समुद्रावरची वादळं तिथे धो धो बर्फ ओततात. खोल आइस कोअर (बर्फात भोक पाडून काढलेले लांब दंडगोल, ज्यांच्या थरांवरून जुनं हवामान वाचतात) मात्र काढले जातात आतल्या, उंच भागात. तीन हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या ‘समिट’ या ठिकाणी वर्षाला साधारण 24 सेंटिमीटर बर्फाची भर पडते. आंबोलीचा पाऊस मोजून माणदेशातल्या विहिरीचं पाणी सांगावं, तसला हा हिशेब.

शिवाय वरचा भुसभुशीत हिमथर वरच्या भाराने दाबला जातो, आणि खालचा बर्फ हळूहळू बाजूला वाहत पातळ होतो. 2003 मध्ये पूर्ण झालेला, ग्रीनलंडच्याच नॉर्थग्रिप या ठिकाणचा कोअर 3085 मीटर लांब आहे. त्याच्या वरच्या 1492 मीटरमध्ये 11,700 वर्षं आहेत. उरलेल्या जवळपास तेवढ्याच लांबीत एक लाखाहून जास्त! दर मीटरला सारखीच वर्षं धरणारा भागाकार इथेच कोसळतो.

मेसेजचा दुसरा मुद्दा जास्त चलाख आहे: ‘प्रत्येक वादळाचा वेगळा पट्टा पडतो, शास्त्रज्ञ तेच पट्टे वर्षं म्हणून मोजतात.’ नुसत्या डोळ्यांनी पट्टे मोजले असते तर ही शंका रास्त होती. पण मोजतात ते ऋतूंचं चक्र. हिवाळ्यातल्या हिमात जड ऑक्सिजन-18 कमी असतो, उन्हाळ्यातल्या हिमात जास्त. ग्रीनलंडमध्ये धुळीबरोबर येणारं कॅल्शियम वसंतात वाढतं, समुद्री मिठाचं सोडियम हिवाळ्यात. अशा अनेक खुणा शेजारी शेजारी लावून पाहतात. एखादं जानेवारीतलं वादळ कितीही बर्फ टाकेल, पण उन्हाळा कुठून आणणार? तरीही एखादा थर संशयास्पद वाटलाच, तर ग्रीनलंडच्या कालगणनेत तो अर्धं वर्ष, अधिक-उणे अर्धं, असा धरला. अशा शंकांची बेरीज 11,700 वर्षांपाशी अधिक-उणे 99 वर्षांवर जाते. 60,000 वर्षांपाशी सुमारे 2,600 वर्षांवर.

मोजणी तपासायला बाहेरचे साक्षीदारही आहेत. आइसलंडमधल्या लाकी ज्वालामुखीचा 1783 चा उद्रेक लेखी नोंदींत आहे आणि ग्रीनलंडच्या बर्फात त्याचं गंधकाम्लही आहे. 1815 च्या तांबोरा उद्रेकाची खूण तर ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडे मिळते. (अंटार्क्टिकाचे कोअर बघायला फार लांब जायला नको, गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात त्यांच्यावर काम चालतं.)

‘शास्त्रज्ञ स्वतःच आकडे बदलतात’ हे मेसेजचं शेवटचं वाक्य. बदलतात, खरंय. 2012 मध्ये जपानमधल्या सीडर झाडांच्या वलयांत इ.स. 774-775 मध्ये कार्बन-14 एकदम उसळलेला आढळला. अवकाशातून आलेल्या कणांच्या झोताने हवेत कार्बन-14 वाढतो, तसंच बेरिलियम-10 ही; म्हणून त्याच घटनेची खूण बेरिलियम-10 च्या रूपाने बर्फातही असते. दोन्ही जुळवून 2015 मध्ये कळलं की पहिल्या सहस्रकातल्या ग्रीनलंडच्या तारखा खऱ्यापेक्षा साधारण सात वर्षं आधीच्या धरल्या जात होत्या. त्या सुधारल्या, तेव्हा ज्वालामुखींच्या खुणा आणि झाडांच्या वलयांतले थंड उन्हाळे (मोठ्या उद्रेकानंतर उन्हाळा थंड जातो) नीट जुळले.

चूक सापडली ती सात वर्षांची. मेसेजला हवी आहे ती लाखभर वर्षांची.