"हो कागद थंय चालता काय?"

गेल्या एप्रिलातली गोष्ट. आमच्या खळ्यात हापूस आंबा पेटीत भरायचं काम चाललं होतं. खाली पेंढा, त्यावर फळांचा थर, परत पेंढा. देठाचा चीक सालीवर ओघळला की डाग पडतो, म्हणून काका एकेक फळ हातात फिरवून बघतात आणि मगच पेटीत ठेवतात. मागच्या भिंतीवर त्यांचं जीआयचं, म्हणजे हा माल अमुक भागातलाच असं सांगणाऱ्या भौगोलिक मानांकनाचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. तेवढ्यात त्यांच्या मुलाने दुबईहून फोटो पाठवला. तिकडच्या दुकानातला खोका, वर ठळक 'अल्फान्सो', आणि आंबा कुठल्या मातीतला ते कुठेच लिहिलेलं नाही. काकांनी फोटो बघितला, भिंतीकडे हात केला आणि मला विचारलं, "हो कागद थंय चालता काय रे?"

मी शिकलेला म्हणून मला विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. ते फार लागलं मनाला. त्यानंतर बऱ्याच रात्री बसून वाचत गेलो.

उत्तर असं, की तो कागद तिकडे आपोआप चालत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये मानांकन मिळालं ते आपल्या १९९९ च्या कायद्याखाली, आणि तो कायदा भारताच्या हद्दीपुरता. बाहेर प्रत्येक देशाचं दार वेगळं. युरोपियन युनियनची स्वतंत्र नोंदवही आहे, दार्जिलिंग चहाचं नाव २०११ मध्ये तिच्यात चढलं. ब्रिटन बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यांनी स्वतःची वेगळी योजना सुरू केली, म्हणजे आता लंडनला जाणाऱ्या पेटीचा अर्ज निराळा. अमेरिकेत तर यासाठी खास कायदाच नाही, तिथे ट्रेडमार्कच्या कायद्यातून प्रमाणन चिन्ह, म्हणजे माल कुठला नि कसा याची खात्री देणारी खूण, घ्यावं लागतं.

आणि ही सगळी माहिती उघड्यावर पडलेली आहे! मला खरा धक्का बसला तो इथे.  १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार लागू झाला, म्हणजे पेटंट, ट्रेडमार्क, भौगोलिक मानांकन अशा बौद्धिक संपदेच्या हक्कांचा करार. त्याच्या ६३ व्या कलमानुसार प्रत्येक सदस्य देशाने बौद्धिक संपदेचे कायदे, नियम, न्यायालयांचे अंतिम निकाल प्रसिद्ध करायचे, आणि कायदे-नियम या कराराची देखरेख करणाऱ्या ट्रिप्स कौन्सिलला कळवायचे. दुसऱ्या देशाने लेखी विचारलं तर माहिती पुरवायची तयारी ठेवायची. २००५ मध्ये अमेरिका, जपान आणि स्वित्झर्लंड या तिघांनी याच कलमाचा आधार घेऊन चीनकडे तिथल्या अंमलबजावणीचा तपशील मागितला होता. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं 'वायपो लेक्स' आहे, त्यात जगभरच्या देशांचे हे कायदे कोणालाही फुकट बघता येतात. एक पैसा लागत नाही.

६३ व्या कलमातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे कायदे देशाच्या भाषेत, आणि अशा रीतीने प्रसिद्ध करा, की 'सरकारांना आणि हक्कधारकांना' ते माहीत होतील. सरकारांना तर झालेच. पण हक्कधारक कोण? भिंतीवर प्रमाणपत्र लावून खळ्यात पेंढा अंथरणारे माझे काका हक्कधारक आहेत. त्यांच्यापर्यंत यातलं अक्षरही पोचलेलं नाही. दुसऱ्या देशाने आपला कायदा मराठीत द्यावा असं करार म्हणत नाही, हे मला कळतं. पण मग ते काम आपलं आहे, आपल्या सरकारचं आहे, आणि ते कोणी हातात घेतलेलं मला तरी दिसलं नाही.

हळदीचं आठवा. जखमेला हळद लावायची, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्याच किनाऱ्यावरच्या, गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने संस्कृत, हिंदी, उर्दूतल्या ग्रंथांसकट ३२ पुरावे गोळा करून तिथल्या पेटंट कार्यालयापुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यातून आपण शिकलो. पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी केली, आयुर्वेद-युनानीतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत नेली, म्हणजे तिकडच्या तपासनीसाला त्याच्या टेबलावर, त्याच्या भाषेत ती मिळावी. मला या कामाचा मनापासून अभिमान आहे.

मग आपलं ज्ञान त्यांच्या अधिकाऱ्यासाठी जपानीत नेता येतं, तर त्यांचा कायदा आपल्या बागायतदारासाठी मराठीत का आणता येत नाही? अख्खा कायदा नकोच आहे. आपला आंबा जिथे जिथे जातो त्या प्रत्येक देशासाठी दोन पानं. तिथे आपलं नाव नोंदवता येतं का, अर्ज कोणी करायचा, फी किती, हरकत आली तर काय. कायदा बदलला की पान बदलायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हे करावं असं मला वाटतं, कारण झेल्यापासून (आंबा उतरवायची जाळी) फवारणीपर्यंत त्यांचं आमचे लोक ऐकतात. पान तालुक्याच्या कृषी कार्यालयात टांगलेलं असावं, बाजारभावाच्या शेजारी.

तोवर मी माझ्या कुवतीने सुरुवात केली आहे. युरोप, ब्रिटन आणि अमेरिका यांची दोन-दोन पानं लिहून झाली. परवा ओटीवर काकांना वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, की अर्ज एकट्याने करायचा की सगळ्या बागायतदारांनी मिळून. बरोबर ठिकाणी बोट ठेवलं त्यांनी, कारण हे नाव एकट्याचं नाहीच, अर्ज संस्थेकडूनच जायला हवा. ती ओळ मी आता पहिल्या पानावर सगळ्यात वर घेतली आहे.

आखाती देशांचं पान मात्र अडलं आहे. तिकडचे मूळ कायदे अरबीत, आणि मला इंग्रजी भाषांतरावर विसंबून लिहायचं नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं वर्षानुवर्षं तिकडे आहेत. तुमच्यापैकी कोणाला अरबी नीट वाचता येत असेल, किंवा घरात कोणी असेल, तर खाली लिहा. मोहोर यायच्या आधी ते पान पुरं करायचं आहे.