'बाळंतिणीचा थकवा दुधात उतरतो' म्हणे!

'बाळंतिणींनो, आधी जीव सांभाळा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच मुद्दे, खाली जोडलेले हात आणि पावडरीच्या डब्याचं चित्र. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा भाचीने तोच मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, रात्रभर रडले गं मी. आता बाळाला पाजू की नको?" सिझेरियनचे टाके अजून ओले, बाळ भुकेलेलं, आणि ही पोरगी कुणा अनोळखी माणसाच्या मेसेजमुळे अडून बसलेली. मी प्रसूती वॉर्डात नर्स होते. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. 'दमलेल्या, रडलेल्या आईचं दूध गरम पडतं आणि बाळाला बाधतं. अशा वेळी पाजू नये.' साफ खोटं आहे हे. थकव्याने दूध नासत नाही, विषारी होत नाही, 'गरम'ही पडत नाही. अर्धसत्य आहे ते एवढंच, आणि ते नाइलाजाने मान्य करते: वेदना, भीती, ताण असला की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक काही वेळ अडतं आणि पान्हा उशिरा फुटतो. दूध आत असतं, उतरायला वेळ लागतो. पाजणं बंद करून हे सुटत नाही, उलट वाढतं. छाती जितकी रिकामी होते, तितकं नवं दूध लवकर तयार होतं. दोन-चार पाजण्या चुकवल्या की छाती दगडासारखी होते, मग बाळाला नीट तोंडात धरता येत नाही, मग चिरा पडतात, आणि मग तीच आई म्हणते, 'मला दूधच नाही.'

अशा वेळी चांगली नर्स किंवा सुईण काय करते? आधी भेटायला आलेल्यांना बाहेर काढते. मग विचारते, "शेवटचं कधी जेवलीस? पाणी प्यायलीस?" टाके दुखत असतील तर औषधाची वेळ बघते. आईला कुशीवर झोपवून पाजायला लावते, किंवा पोटावर भार नको म्हणून बाळ काखेखाली धरायला शिकवते. बाळ पूर्ण 'आ' करेपर्यंत थांबते. नुसती बोंडशी नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ती स्टूल ओढून बसते, एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघते. पाजताना होणाऱ्या दुखण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. बाळ सुटलं की ते आजीच्या किंवा बापाच्या खांद्यावर आणि आई झोपेत. ढेकर काढायला, लंगोट बदलायला आईच लागते असं कुठे लिहिलंय?

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या. स्तनपानासाठी अशी जादा मदत मिळालेल्या आयांमध्ये पाजणं मध्येच सोडण्याचं प्रमाण कमी दिसलं. मदत प्रशिक्षित कर्मचाऱ्याने केली की शिकवून तयार केलेल्या शेजारणीने, दोन्ही चाललं. चार ते आठ भेटींचा फायदा जास्त असावा, असंही त्यात आहे.

तिसरा मुद्दा, 'रात्री पावडरीची बाटली द्या, आईला झोप मिळेल.' पाणी उकळणं, बाटली निर्जंतुक करणं, मोजून पावडर कालवणं हे अपरात्री कोण करणार, ते मेसेजमध्ये नाही. बहुतेक घरांत उत्तर तीच बाळंतीण. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं रात्रीचं पाजणं तोडणं महागात पडतं. खरोखर विश्रांती हवी असेल तर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दुसऱ्या कुणी पाजावं. वरचं दूध कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. साखर कमी झालेलं बाळ, वजन फार उतरलेलं बाळ, अशा वेळी डॉक्टर ते देतात आणि त्यात आईचा कमीपणा नाही. पण तो निर्णय बाळ तपासून होतो. आणि त्या डब्याच्या चित्राबद्दल: १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात बंद आहे. जोडलेल्या हातांखाली ती अशी येते.

पहिला मुद्दा, चीक (सुरुवातीचं दाट दूध) पिळून टाका आणि मध चाटवा. नाही आणि नाही. चीक थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जागाही थोडीच असते. मधाने तान्ह्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो. वर्षाच्या आत मध नको, आजी कितीही रागावली तरी.

चौथा, 'छाती मऊ आणि बाळ रडकं म्हणजे दूध कमी.' बाळ दहा कारणांनी रडतं. लंगोट मोजा. पाच-सहा दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शू कमी होत असेल, बाळ सुस्त पडून पाजायलाही उठत नसेल, तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

राहिला पाचवा. 'नर्सबाया नुसतं पाज-पाज करतात, त्यांना आईचा थकवा काय कळणार?' हे वाचून राग आला, आणि उत्तर लगेच सुचलं नाही. कारण असं होतं. एका पाळीत अख्खा वॉर्ड एकीच्या गळ्यात असला की ती दारातूनच 'पाजलं का?' विचारून पुढे जाते, कधी खेकसतेही. पण म्हणून शिकवणारीच नको? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि जन्मल्यापासून तासाभरात पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई आमच्यासमोर खाटेवर असतानाही आम्ही कमी पडतोय. मागायचं असेल तर जास्त नर्सेस मागा, प्रशिक्षित मिडवाइफ मागा.

तोवर हाताशी आहे ते वापरा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. ती वजन करून निघाली की थांबवा. म्हणा, "ताई, चहा घ्या, आणि एक पाजणं पूर्ण बघून जा." आणि बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रोज रडत असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तेही त्याच ताईला सांगा. तो थकवा नसून आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

भाचीला मी फोनवर एवढंच सांगितलं, "आधी पाज, मग जेव, मग मेसेज डिलीट कर."