भेव पानात असलेलं बरं

हलक्या धानाची कापणी झाली. भारी धान अजून बांधीत उभा आहे आणि कापलेल्याचं पुंजणं खळ्यावर रचून ठेवलंय. मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत रात्री कोणीतरी जागलीला जावंच लागतं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पुंजण्याचं काय करतो, ते आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तर सध्या माझ्या रात्री खळ्यावर जातात. शेकोटी, डोक्याला बांधायची बॅटरी, थर्मासमध्ये चहा आणि पिशवीत दोन पुस्तकं. दोन्ही भुताखेतांची.

आमचा पाच जणांचा गट आहे. एक मेडिकल चालवणारा भाऊ, एक आशाताई (गावातली आरोग्यसेविका), एक निवृत्त गुरुजी, नागपूरला शिकणारी एक पोरगी आणि मी. पाचही जण वेगवेगळ्या गावचे, आणि पाचही जण भयकथांचे वेडे. पुस्तकं आठवडी बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर बदलतात. पोरगी नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं शोधून आणते. गुरुजींकडे ‘नवल’ मासिकाचे जुने अंक आहेत. ते मात्र ते घरी बसूनच वाचू देतात, आणि बरोबर करतात.

परवा एका लग्नात नात्यातले एक काका मला म्हणाले, “गावात भुतं कमी हायेत का, तर तुम्ही पुस्तकं वाटून राहिले? शिकलेली माणसं तुम्ही, अंधश्रद्धा वाढवता.” तिथे चार लोकांत उत्तर दिलं नाही. मोठे आहेत. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून ही पोस्ट.

काका, मला नेमकं उलटं वाटतं. गावात ज्या भीतीने माणसाचं वाटोळं होतं, ती पुस्तकातली नसते. ती बोलण्यातली असते. पुस्तकातल्या भीतीला पहिलं पान असतं, शेवटचं पान असतं, लिहिणाऱ्याचं नाव असतं. पारावरच्या भीतीला यातलं काहीच नसतं. ती कोणी सुरू केली ते कळत नाही, संपत तर कधीच नाही, आणि फिरत फिरत शेवटी कुणाच्या तरी दारात जाऊन बसते. बहुतेक वेळा एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात.

मी सहावीत होतो. त्या पावसाळ्यात आमच्या वाडीत तापाने दोन लेकरं गेली. आमच्या घरामागे एक डोकरी राहायची. नवरा नाही, मुलगी दूर दिलेली, चार शेळ्या. त्या लेकरांपैकी एकाला तिने आदल्या दिवशी मोहाची भाकर दिली होती म्हणे. म्हणे! कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, आजवर कळलं नाही. करणी हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. फक्त तिच्याकडून दूध घेणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बाया कळशा उचलायच्या. आम्ही पोट्टे तिच्या घरासमोरून श्वास रोखून धावायचो. मी पण धावायचो. दिवाळीच्या आधी ती शेळ्या विकून मुलीकडे निघून गेली. घराची माती पुढच्या दोन पावसांत बसली.

पुढे कॉलेजात असताना रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ हातात पडला. संग्रहातल्या सगळ्या कथा एका दमात वाचल्या, आणि रात्री अंथरुणात मला भूत नाही आठवलं, ती डोकरी आठवली. मतकरींच्या कथेत तुम्ही जिच्याकडे शंकेने बघता ती दुसरीच असते आणि भीतीचं मूळ निघतं साध्या, सभ्य, चहा पिणाऱ्या माणसाच्या मनात. हे एकदा वाचलं की वाचणारा गावातलं बोलणंही तसंच ऐकू लागतो. कोण सांगतंय? त्याला यातून काय मिळतंय? ही सवय मला कुठल्याही भाषणाने लावली नाही, गूढकथांनी लावली. आणि याच मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. त्यातली चेटकीण रंगमंचावर आली की पोरं किंचाळतात, हसतात, आणि घरी जाऊन तिची नक्कल करतात. खऱ्या बाईला चेटकीण ठरवणाऱ्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांना नाटकातली चेटकीण आधी भेटली, तर तो कायदा वापरायची वेळ कमी येईल असं मला मनापासून वाटतं.

आता पुस्तकांकडे येतो, कारण अर्धे लोक त्यासाठीच वाचत असतील.

नव्या वाचकाला मी कादंबरी देत नाही. आधी कथा. “सगळ्यात भयंकर कोणतं ते सांग” असं कोणी म्हटलं, की मी विचारतो, कुठे वाचणार? घरात सगळे असताना दुपारी, की खळ्यावर एकट्याने? दुपारी वाचणाऱ्याला मतकरी द्यावेत, कारण ते उजेडातही काम करतात. रात्रीसाठी नारायण धारप. धारपांची वाक्यं साधी असतात, सजावट नाही. एखादा वाडा, बंद खोली, वास, थंडी, आणि हळूहळू कळत जातं की खोलीत कोणीतरी आहे. त्यांच्या बऱ्याच गोष्टींतला, भुतापासून सोडवणारा ‘समर्थ’ आम्हा पाचही जणांचा लाडका, कारण तो आला की वाचणाऱ्याला धीर येतो. पण माझ्या मते धारपांची खरी ताकद समर्थ नसलेल्या गोष्टींत आहे. तिथे सोडवायला कोणी येत नाही. आमच्या आशाताईंना हे अजिबात मान्य नाही. त्या म्हणतात, दिवसभर मी घरोघरी दुखणीच बघते, रात्री मले कोणीतरी वाचवणारा पाहिजे. त्यांचंही खरं आहे.

2025 मध्ये धारपांच्या जन्माला 100 वर्षं झाली. एवढ्या मोठ्या लेखकाकडे “उचललेल्या कथा” म्हणून नाक मुरडणारे लोक अजून भेटतात. हो, ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची 1975 ची ‘सेलम्स लॉट’ आहे. पण त्या कादंबरीमागे तरी कोण आहे? 1897 चा ‘ड्रॅक्युला’. तोच रक्तपिपासू जीव आजच्या छोट्या अमेरिकन गावात आला तर, या विचारातून किंगने ती लिहिली. भुताची गोष्ट अशीच गावोगाव जाते, प्रत्येक गावात तिथलं लुगडं नेसते. आमच्या चकव्याच्या, झोटिंगाच्या गोष्टी तरी कोणाच्या एकट्याच्या आहेत?

आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या धान-जंगलाच्या भागातल्या माणसाने तर याबद्दल बोलूच नये. ‘तुंबाड’ सिनेमा पाहिला असेल ना? 2018 चा. त्याचं बी आमच्या नागझिऱ्यात पडलंय. 1993 मध्ये दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्यांच्या मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची एक गोष्ट सांगितली. ‘आजी’ ही ती गोष्ट, आणि तिच्यामागेही पुन्हा किंगचीच एक कथा. अमेरिकेतली म्हातारी पुण्यातल्या लेखकाच्या टेबलावरून आमच्या जंगलात आली आणि तिथून कोकणातल्या वाड्यात गेली, ती पंचवीस वर्षांनी पडद्यावर दिसली. आम्ही नागझिऱ्याला लागून असलेल्या पीटेझरीच्या बाजूने जातो तेव्हा मला दर वेळी वाटतं, कुठल्या झाडाखाली सांगितली असेल?

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते. ‘अंधारवारी’ आत्ता माझ्या पिशवीत आहे, दुसऱ्यांदा वाचतोय. नंतर ‘हाकामारी’ घ्या. रात्री दारावर नावाने हाक आली तर एका हाकेला ओ देऊ नये, हे माझी आजी रोज सांगायची. ते ऐकून वाढलेल्या माणसाला त्या पुस्तकाचं नावच पुरेसं आहे. ‘दंशकाल’ मोठी आहे आणि जड आहे, धीर असेल तर.

इंग्रजी वाचणाऱ्यांनी शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ वाचा. दहाबारा पानं. 1948 साली अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात आली आणि 300 च्या वर पत्रं आली, बहुतेक चिडलेली किंवा गोंधळलेली. कथेतलं गावही 300 वस्तीचंच. एकही भूत नाही. गाव चौकात जमतं, पोरं खेळतात, बाया गप्पा मारतात, चिठ्ठ्या निघतात. मला ती वाचताना आमची विहीर दिसली आणि उचललेल्या कळशा दिसल्या. पुढचं मी कोणाला सांगत नाही, ज्याने त्याने वाचावं.

पण या मोसमातली माझी सगळ्यात मोठी शिफारस 1902 ची आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’, माकडाचा पंजा. ती मी वाचून दाखवली नाही, तोंडी सांगितली. शेजारच्या खळ्यावरचे एक आबाजी रात्री माझ्या शेकोटीवर येऊन बसतात. अक्षरओळख जेमतेम, पण मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेतलं, एकही नाटक त्यांनी आयुष्यात सोडलं नाही. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांनी विचारलं, “का वाचून राहिला एवढं?” म्हणून सांगायला लागलो.

हिंदुस्थानातून परतलेला एक सैनिक एका घरी माकडाचा वाळका पंजा घेऊन येतो. एका फकिराने मंत्र घातलेला. तीन इच्छा पुऱ्या करतो. घरात म्हातारा, म्हातारी, कारखान्यात जाणारा एकुलता मुलगा. म्हातारा म्हणतो, दोनशे पौंड मिळोत. घराचं उरलेलं कर्ज फिटेल. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात उभा. मुलगा यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण माणुसकी म्हणून काही रक्कम देते. किती? दोनशे पौंड.

आबाजी काही बोलले नाहीत. शेकोटीत काडी सारत राहिले. आमच्या भागात तेंदूपत्त्याला, मोहफुलाला गेलेली माणसं वाघाने नेली आहेत. घरच्यांच्या हातात सरकारी मदतीचा कागद आलेला आम्ही दोघांनी पाहिला आहे. तो कागद घेताना हात कसे होतात तेही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज माणसाने ते हात बघून लिहिल्यासारखी गोष्ट आहे. बऱ्याच वेळाने आबाजी म्हणाले, “पैसा बरोबर तेवढाच आला बाप्पा.” मग पुढची गोष्ट सांगितली. म्हातारी म्हणते, दोन इच्छा उरल्या, माझं लेकरू परत माग. म्हातारा नको म्हणतो, त्याने ते शरीर पाहिलं आहे. ती ऐकत नाही. आणि रात्री दारावर टकटक होते. मी तिथेच थांबलो, कारण पुंजण्याच्या मागे काहीतरी खरंच हललं. डुक्कर होतं. आम्ही दोघंही ओरडत उठलो. परत येऊन बसलो तेव्हा आबाजींचा हात माझ्या खांद्यावर होता.

काका, सांगा, यात अंधश्रद्धा कुठे वाढली?

चकव्याचंच घ्या. धुक्याच्या रात्री माणूस स्वतःच्याच बांधीत गोल गोल फिरतो, पहाटे जिथून निघाला तिथेच सापडतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसं जंगलात आणि वाळवंटात चालवून बघितली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. आभाळ भरून आलं की गोल फिरायला लागली, आणि त्यांना स्वतःला ते कळलं नाही. हे मी आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, असंन. मग स्वतःची गोष्ट काढली. पोरवयात मामाच्या गावाहून तलावाच्या पाळीने येताना त्यांना चकवा लागला होता. कारण कळलं म्हणून त्या रात्रीचं भेव खोटं होत नाही, आणि गोष्टही लहान होत नाही. मला तर ती आता अधिक आवडते.

आणि इथे माझी आपल्या सगळ्यांबद्दल एक तक्रार आहे. विदर्भातले वाचक भयकथांच्या याद्या देतात तेव्हा त्यांत वाडा पुण्याचा असतो, विहीर कोकणातली असते. आपला मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव), मंडईहून परतणाऱ्या बंड्या म्हणजे बैलगाड्या, बांधीतलं धुकं, तेंदूपत्त्याच्या मोसमातली सुनी गावं, हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे? मला फार थोडं सापडलं. तुम्हाला काही माहीत असेल, छोट्या प्रकाशनाचं, दिवाळी अंकातलं, झाडीबोलीतलं, तर खाली लिहा. मिळालं तर विकत घेईन, नाही मिळालं तर फोटोकॉपी करायला येईन. कुणाचं खरं नाव घालून गावकीत फिरणारी गोष्ट मात्र मला पाठवू नका. ती मला नको.

माझ्याकडून सध्या द्यायला आहे: ‘खेकडा’ एक प्रत, धारपांचे तीन कथासंग्रह, त्यातल्या एकाचं मुखपृष्ठ गेलंय. ‘अंधारवारी’ पुढच्या बाजारापर्यंत माझ्याकडे, मग मेडिकलवर.

दोनशे पानी वही घेतली आहे आणि आबाजींची तलावाच्या पाळीवरची गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवतोय. नऊ पानं झाली. पाळीवर कोणीतरी कंदील घेऊन पुढे चालत होतं, एवढ्यापर्यंत आलोय. काल तिथे आबाजी थांबले, चादर अंगावर घेतली आणि म्हणाले, “आता तू सांग आधी. त्या डोकरीनं दार उघडलं का?”