घरपट्टी भरूच नका म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज चौथ्यांदा आला तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. मेसेज थोडक्यात असा: महापालिका दरवर्षी घरपट्टी वाढवते, आपल्या घरपट्टीवरच अख्खी पालिका चालते, बदल्यात आपल्याला खड्डे मिळतात आणि पैसा सगळा पगारात जातो, मुंबईत माफ होते मग आपल्याला का नाही, तर यंदा कुणीच भरायची नाही, बघू काय करतात. खाली मुठींच्या इमोजींची रांग.

आधीच सांगतो, मी काही पालिकेची बाजू घ्यायला बसलेलो नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं आणि कोपऱ्यावरचा चेंबर पावसाळाभर उघडा होता, त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली होती तीच काय ती सूचना. राग खराच आहे. पण मेसेजमधलं बरंचसं चुकीचं आहे, आणि चुकीच्या गोष्टीवर राग काढला की खरी गोष्ट सुटून जाते.

"दरवर्षी वाढवतात". मी घरातली सहा वर्षांची बिलं काढली, बाबांनी पंच करून फाईलला लावलेली असतात, आणि जमिनीवर पसरून बसलो. सर्वसाधारण कराची, म्हणजे घरपट्टीतल्या मुख्य कराची, टक्केवारी सहाही बिलांवर तीच! वाढलं होतं ते दुसरंच. एक म्हणजे करयोग्य मूल्य, जे एका वर्षी अचानक वर गेलं कारण गच्चीवरची पत्र्याची शेड मोजणीत धरली होती. दुसरं कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क, हे नवीन. आणि तिसरं, जे बाबांनी हळूच कबूल केलं, दोन हप्ते राहिले होते त्याची शास्ती, म्हणजे दंड. आता करयोग्य मूल्य म्हणजे काय तर तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल ते पालिका ठरवते, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करते आणि उरलेल्यावर टक्केवारी लावते. मुंबईत 2010 पासून पद्धत वेगळी आहे, तिथे रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांवरून, भांडवली मूल्य काढतात. म्हणजे दर न वाढवताही बिल वाढू शकतं, आणि भांडायचं असेल तर त्या मूल्याशी भांडायला हवं. क्षेत्रफळ चुकलंय का, घरगुतीच्या जागी व्यावसायिक वापर लागलाय का, हे बघा. पुण्यात तर स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे आणि ती न मिळालेल्यांना पीटी-3 फॉर्म भरून मागावी लागली. फॉर्म भरायचा राहिला त्यांचं बिल फुगलेलंच, आणि ते म्हणणार पालिकेने वाढवलं.

शिवाय बिलावरचा राज्य शिक्षण कर पालिकेचा नसतोच. तो राज्य सरकारचा, पालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. दुकान-ऑफिस असेल तर रोजगार हमी उपकर पण लागतो, तोही राज्याचाच.

"आपल्या घरपट्टीवर अख्खी पालिका चालते". हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो उलटा आहे आणि खरी गोम इथेच आहे. पूर्वी पालिकांचा मोठा आधार जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होता. मग बऱ्याच शहरांत जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, 2015 च्या ऑगस्टमध्ये 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. त्या बदल्यात राज्य सरकार पालिकांना दर महिन्याला भरपाई देतं, कायद्याने त्यात वर्षाला 8 टक्के वाढ धरलेली आहे. बरोबरीला बांधकाम परवानगीचे पैसे, विकास शुल्क, राज्य-केंद्राची अनुदानं. घरपट्टी हा त्यातला एक हिस्सा. म्हणजे पालिकेचा बराच पैसा मंत्रालयातून येतो किंवा बिल्डरच्या टेबलावरून येतो, आणि ज्याच्याकडून पैसा येतो त्याचं ऐकलं जातं हे काय वेगळं सांगायला नको. घरपट्टी हा एकच मोठा पैसा असा आहे जो आपल्या दारातून थेट पालिकेत जातो आणि ज्याचा हिशोब आपण हक्काने मागू शकतो. तो बंद करून त्यांची काय अडवणूक होणार? भरपाईचा हप्ता तर येतोच आहे.

"सेवा नाही तर कर नाही". ऐकायला भारी वाटतं. पण कर आणि शुल्क यात कायदा फरक करतो. शुल्क एखाद्या ठरावीक सेवेबद्दल असतं, कर तसा नसतो, त्यामुळे माझ्या गल्लीत दिवा नाही म्हणून घरपट्टी कापून घेतो हे चालत नाही. आणि न भरल्यावर काय होतं? मुंबईबाहेरच्या पालिकांना जो 1949 चा महापालिका अधिनियम लागू आहे त्यात थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती आहे. समजा 12,000 थकले तर महिन्याला 240, वर्षाला 2,880. एवढ्या व्याजाने कुणी ओळखीत पैसे घेईल का? "बघू काय करतात" म्हणणाऱ्याने हे काही मेसेजमध्ये टाकलेलं नाही. (आणि ज्यांनी पहिल्यांदा फॉरवर्ड केला त्यांनी स्वतःचं बिल लवकर भरण्याची सवलत घेऊन मे महिन्यातच भरलंय, पावती त्यांनीच ग्रुपवर टाकली होती, वर स्क्रोल करा.)

हां, इथे एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याने लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. अभय योजना. थकबाकीदारांची शास्ती माफ करतात, कधी जवळजवळ सगळीच, आणि वेळेवर भरणारा बघत बसतो. बाबांना मी म्हटलं तुम्ही थांबला असता तर वाचले असते, त्यावर ते काही बोलले नाहीत, फाईल बंद करून ठेवली. रस्त्यावर यायचं तर यासाठी या ना.

"सगळा पैसा पगारात". झाडू मारणारा, अग्निशमन गाडीवरचा, दवाखान्यातली नर्स, यांचा पगार म्हणजेच सेवा. पुढे.

"मुंबईत माफ, आपल्याला का नाही". मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, 1 जानेवारी 2022 ला जाहीर झाली. 510 फुटांच्या जुन्या खोलीत राहणारं पेन्शनर जोडपं भरतं आणि गुंतवणूक म्हणून घेतलेला 480 फुटांचा बंद फ्लॅट सुटतो, कारण माफी फूट मोजते, ऐपत नाही. सरसकट माफीपेक्षा ज्येष्ठ, विधवा, अपंग यांना सवलत मागितली तर मी पहिली सही करीन.

राहिला प्रश्न आपण करायचं काय. 1949 च्या त्याच अधिनियमात कलम 99 आहे, पुढच्या वर्षाचे कराचे दर पालिकेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. ठरवतं कोण तर निवडून आलेलं सभागृह, आणि ते नसेल तर राज्य सरकारने नेमलेला प्रशासक. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं एकटा प्रशासकच सगळं ठरवत होता, तेव्हा असा संतापलेला फॉरवर्ड मला तरी आला नाही. आपल्याकडे बिलं वाटली जातात एप्रिलनंतर आणि आपल्याला जाग येते तेव्हा, म्हणजे दर ठरून दोन महिने झालेले असतात.

मी शेडच्या मोजणीवर हरकतीचा अर्ज लिहिलाय, सोबत नकाशाची झेरॉक्स जोडलीय. सोमवारी वॉर्ड ऑफिसला चाललोय. कुणाचं क्षेत्रफळ चुकीचं लागलं असेल तर बिल आणि नकाशा घेऊन साडेदहाला गेटवर या.