घाटाखालचा परदेश

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. त्यामुळे आम्हा इथल्या समुद्रप्रेमींचं प्रेम पहिल्यापासूनच वरच्या पट्टीतलं. परदेशी किनाऱ्यांचे फोटो बघून आम्ही सुस्कारे टाकत नाही, कारण 19 डिसेंबर 1961 पर्यंत आमच्या हाकेवरचा गोव्याचा समुद्र परदेशातच होता. कॅसलरॉक ओलांडलं की पोर्तुगिजांचं राज्य. आता जाताना कोणी विचारत नाही. येताना नाक्यावर डिकी उघडायला लावतात, ती कशासाठी हे डिकीलाही ठाऊक असतं.

शनिवारी जाऊन रविवारी परतायचा बेत घरात मांडला की उत्तर ठरलेलं : ‘जाऊया की, खरं लवकर परत यायचं.’ मग हॉटेल ठरतं, टोप्या निघतात, चिवडा बांधला जातो. समुद्र त्या वेळी घरी असेल का, एवढं मात्र कोणी बघत नाही.

ते बघायला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती आणि पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्याकडे पाण्याला घाई, तासभर आधी धरायचं. म्हणजे पुनवेला किंवा अवसेला भरती दुपारच्या आधीच होऊन जाते आणि संध्याकाळी पाणी पार लांब : चालायला, शिंपल्यांना, सूर्यास्ताच्या फोटोंना भरपूर वाळू. अष्टमीला नेमकं उलटं, ऐन सूर्यास्ताला पाणी चढलेलं. खरं ती भांगाची भरती, जोर कमी. उधाण बघायचं तर पुनव-अवसच गाठावी. रोज हे वेळापत्रक सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतं, कारण चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. शनिवार-रविवारची सुट्टी त्याला कुणी कळवलेली नाही.

गंमत अशी, की याच कॅलेंडरवर मासेही ठरतात. शनिवारी मारुती, त्यामुळे निम्मं घर शाकाहारी. संकष्टी आली तर उरलेलंही, आणि तेही चंद्रोदयापर्यंत उपाशी. एवढ्या लांब समुद्रावर जाऊन साबुदाण्याची खिचडी शोधणारी माणसं केए 22 च्या, म्हणजे आमच्या बेळगावच्याच, गाडीतून उतरतात. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ती उठते न उठते तोवर आमचा श्रावण. इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, नशीब आमच्यापेक्षा बरं.

चोर्ला घाटाबद्दल थोडक्यात. जांबोटी, कणकुंबी करत वर, मग केरीपर्यंत उतार. ज्या गिअरात चढला असता, त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर पॅड तापतात, करपल्याचा वास येतो आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. कानांत दडे बसले तर आवंढा गिळा. वर रिकामी करून घट्ट बंद केलेली बाटली खाली चेपलेली दिसते ती हवेच्या दाबामुळे. बाटलीला दोष देऊ नये. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसून रस्त्यावर नजर ठेवावी. मागे बसून मोबाइल बघणाऱ्याचे डोळे सांगतात ‘स्थिर आहे’, कान सांगतात ‘गरगरतंय’, आणि या वादात पोट निकाल देतं.

किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल दिसला तर पाण्यात जायचं नाही. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका. गाडी वाळूत न्यायचा मोह गोव्यात बेकायदा आहे, आणि ती रुतल्यावर जीव खाऊन ॲक्सिलेटर दाबला की चाक आणखी खाली जातं. भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं, एवढं लक्षात ठेवलं तरी मोह आवरतो.

उरली मासळी. रविवारी दुपारी मासे घ्यायचे म्हणजे थर्माकोलचा डबा घरूनच न्यायला हवा. जेवढी मासळी तेवढाच चुरलेला बर्फ. खाली थर, मधे मासे, वर थर. बांगड्याचं पोट तिथेच साफ करून घ्या, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. कल्ले लाल आणि डोळे फुगीर नसतील तर बर्फालाही काही करता येत नाही. डबा डिकीत ठेवाल तर टेकू देऊन, नाहीतर वळणावळणावर वितळलेलं पाणी गालिच्यात मुरतं. तो वास मासळीतून सुटणाऱ्या ट्रायमिथाइलअमाइन या रसायनाचा. साबणाला तो दाद देत नाही. पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसा, मग उन्हात दारं उघडी ठेवा. हे सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी करावं लागतं, आणि सोमवारी घरात मासे चालत नाहीत, त्यामुळे डबा फ्रिजमध्ये मंगळवारची वाट बघत असतो.